दाव्याला मुदत, अन्यायाला नाही



१२ जून २०२४ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एक अपील फेटाळले. अपील करणाऱ्या दोन स्त्रियांपैकी व्हायोला फ्लेचर त्या दिवशी ११० वर्षांच्या होत्या आणि लेसी बेनिंगफील्ड रँडल १०९ वर्षांच्या. तिसरे वादी, फ्लेचर यांचे धाकटे बंधू ह्यूजेस व्हॅन एलिस, निकालाची वाट पाहत आठ महिने आधीच, वयाच्या १०२ व्या वर्षी निवर्तले होते. टल्सा शहरातील ज्या वस्तीत ही तीन माणसे लहानपणी राहत होती, ती वस्ती १९२१ साली चोवीस तासांच्या आत जाळण्यात आली आणि जाळणाऱ्यांत शहराच्या पोलिसांनीच बिल्ले दिलेली माणसे होती. त्याची भरपाई नगरपालिकेने आणि इतर सरकारी संस्थांनी करावी, एवढीच त्यांची मागणी होती. वादींची तक्रार रास्त आहे हे न्यायालयाने मान्य केले. मात्र ती कायद्याच्या चौकटीत बसत नाही, असे सांगून दार लावून घेतले.

हा प्रश्न कोणाला दूरचा वाटेल. परंतु महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हापासून महाराष्ट्रातील समतेच्या चळवळीने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा कधी परका मानलेला नाही. शिवाय टल्साच्या दाव्यात गुंतलेला मुद्दा कोणत्याही देशातील दुर्बलांना भिडणारा आहे. अन्याय करणारे स्वतः शासनच असेल, दाद मागण्याचे दरवाजे बंद करणारेही शासनच असेल, तर तेच शासन पुढे "तुम्ही उशिरा आलात" असे म्हणू शकते काय?

शासनाचा हात

टल्सा हे विसाव्या शतकाच्या आरंभी खनिज तेलाच्या पैशावर फुगलेले शहर. त्याच्या उत्तर भागातील ग्रीनवुड या वस्तीत सुमारे दहा हजार कृष्णवर्णीय राहत. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्यांना गोऱ्यांच्या बाजारपेठेत स्थान नव्हते. म्हणून त्यांनी आपली स्वतःची बाजारपेठ उभी केली. दुकाने, उपाहारगृहे, दवाखाने, वकिलांच्या कचेऱ्या, दोन वृत्तपत्रे, चित्रपटगृहे आणि जे. बी. स्ट्रॅडफर्ड यांचे मोठे हॉटेल, अशी ती वस्ती होती. तेथील सर्वच लोक श्रीमंत होते असे नव्हे. बहुसंख्य लोक गोऱ्यांच्या घरी आणि कारखान्यांत राबणारे होते. परंतु त्यांच्या मजुरीचा पैसा त्यांच्याच वस्तीत फिरत होता, आणि भांडवल म्हणतात ते याच फिरण्यातून साठत जाते.

३१ मे १९२१ रोजी एका कृष्णवर्णीय तरुणावर गोऱ्या मुलीशी गैरवर्तन केल्याचा आळ घेऊन जमाव न्यायालयाच्या इमारतीपुढे गोळा झाला. तरुणाला झाडाला टांगून मारतील या भीतीने त्याच्या रक्षणासाठी काही कृष्णवर्णीय, त्यांत पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक, शस्त्रे घेऊन तेथे गेले. झटापटीत गोळी सुटली. यापुढे जे घडले त्याला अमेरिकेत कित्येक वर्षे "दंगल" म्हटले गेले. पण दंगल हा शब्द तेथे लागू पडत नाही. पोलिसांनी शेकडो गोऱ्या नागरिकांना विशेष शिपाई म्हणून नेमले आणि त्यांतील अनेकांच्या हाती शस्त्रे दिली. १ जूनच्या पहाटे हजारोंचा जमाव ग्रीनवुडवर चालून गेला. घरे आधी लुटण्यात आली, मग पेटविण्यात आली. रेडक्रॉसच्या मोजणीप्रमाणे १,२५६ घरे जळाली, आणखी २१५ लुटली गेली, पस्तीसच्या आसपास गल्ल्या राख झाल्या. मृतांचा सरकारी आकडा चाळिशीच्याही आत होता; अभ्यासकांचे अंदाज शंभरापासून तीनशेपर्यंत जातात.

राज्याचे राखीव सैनिक आले तेव्हा त्यांनी काय केले? जाळणाऱ्यांना नव्हे, तर ज्यांची घरे जळत होती त्यांना पकडले. सुमारे सहा हजार कृष्णवर्णीयांना सभागृहात, चेंडूफळीच्या मैदानात आणि जत्रेच्या आवारात डांबण्यात आले. एखाद्या गोऱ्या मालकाने "हा माणूस माझ्याकडे कामाला आहे" अशी हमी दिली तरच सुटका होई, आणि सुटलेल्याला ओळखीचे हिरवे कार्ड जवळ बाळगावे लागे. गुन्ह्याची शिक्षा बळी पडलेल्यांना, असा हा न्याय होता.

बंद केलेले दरवाजे

आता मुदतीच्या प्रश्नाकडे येताना एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावयास हवी. ग्रीनवुडचे लोक शंभर वर्षे गप्प बसले आणि मग अचानक जागे झाले, असे घडलेले नाही. ते पहिल्या दिवसापासून दाद मागत होते.

घरादारांचा विमा उतरविलेल्यांनी विमा कंपन्यांकडे मागणी केली. दंगलीत झालेल्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही, या कलमाकडे बोट दाखवून कंपन्यांनी हात वर केले. रेडफर्न नावाच्या एका गोऱ्या मालकाच्या इमारतीही ग्रीनवुडमध्ये जळाल्या होत्या. त्याचा दावा १९२६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे तो हरला. आगी लावणाऱ्यांत पोलिसांचे बिल्ले लावलेली माणसे असल्याचा पुरावा त्या न्यायालयापुढे आला होता. तरीही ती दंगलच ठरली. सरकारी कागदावरचा एक शब्द किती लोकांना भिकेला लावू शकतो, याचे यापेक्षा उघड उदाहरण सापडणे कठीण.

नगरपालिकेकडे सुमारे अठरा लाख डॉलरच्या भरपाईचे अर्ज आले. ते सर्व फेटाळण्यात आले. अपवाद एकच, आणि तो बंदुका लुटल्या गेलेल्या एका गोऱ्या दुकानदाराचा. घटनेला एक आठवडा होतो न होतो तोच नगरपालिकेने आगप्रतिबंधाच्या नावाखाली असा नियम केला की जळालेल्या जागी साधी लाकडी घरे पुन्हा उभारताच येऊ नयेत. हेतू सरळ होता. जमीन मोकळी व्हावी आणि ती रेल्वे व व्यापार यांच्या कामी यावी. बी. सी. फ्रँकलिन या कृष्णवर्णीय वकिलाने तंबूत कचेरी थाटून या नियमाविरुद्ध दावा लढविला आणि जिंकला. लोकांनी ग्रीनवुड पुन्हा बांधले ते स्वतःच्या कष्टाने. १९६० नंतरच्या दशकात शहर-सुधारणेच्या योजनांनी आणि वस्तीच्या छातीवरून नेलेल्या महामार्गाने तेही पुन्हा उद्ध्वस्त केले.

आणि जून १९२१ मध्येच ग्रँड ज्यूरीने दोष कोणाचा ठरविला? शस्त्रे घेऊन आलेल्या कृष्णवर्णीयांचा. हॉटेलमालक स्ट्रॅडफर्ड यांच्यावर दंगल माजविल्याचा आरोप ठेवण्यात आला. ते राज्य सोडून निसटले, पुढे शिकागोत राहिले आणि १९३५ साली वारले. त्यांच्यावरील आरोप ओक्लाहोमाने मागे घेतला तो १९९६ साली. म्हणजे निरपराध माणसावरील आरोप पंचाहत्तर वर्षे जिवंत राहू शकला. त्याच माणसाच्या जळालेल्या हॉटेलबद्दलच्या तक्रारीला मात्र मुदतीच्या कायद्याने दोन वर्षांचे आयुष्य दिले होते.

दोन दावे, एकच उत्तर

ओक्लाहोमा विधिमंडळाने १९९७ साली चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल २८ फेब्रुवारी २००१ रोजी प्रसिद्ध झाला. नगरपालिका आणि राज्य यांच्या वर्तनाची नोंद करून आयोगाने हयात पीडितांना व त्यांच्या वारसांना थेट भरपाई, शिष्यवृत्त्या, ग्रीनवुडमध्ये आर्थिक विकास आणि स्मारक अशा शिफारशी केल्या. विधिमंडळाने घटना कबूल केली, स्मारकाची आणि शिष्यवृत्त्यांची तरतूद केली, हयात पीडितांना पदके दिली. थेट भरपाई मात्र नाकारली.

तेव्हा २००३ साली शंभराहून अधिक हयात पीडित आणि त्यांहून अधिक वारस केंद्रीय न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे की, शासनाने दडपलेली वस्तुस्थिती आयोगाच्या अहवालाने प्रथम उजेडात आली; म्हणून मुदत तेथून मोजावी. मार्च २००४ मध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला. १९२१ नंतरच्या वातावरणात कृष्णवर्णीयांना न्यायालयात दाद मागणे खऱ्या अर्थाने शक्य नव्हते, हे त्यांनी मान्य केले. परंतु वर्णभेदाचे कायदे संपल्यावर, म्हणजे १९६० नंतरच्या दशकात, ते यावयास हवे होते, असे त्यांचे मत पडले. वरिष्ठ न्यायालयाने तेच उचलून धरले आणि २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. पुरावा तपासला गेला नाही. एकाही वृद्धाची साक्ष झाली नाही.

दुसरा दावा १ सप्टेंबर २०२० रोजी टल्साच्याच जिल्हा न्यायालयात दाखल झाला. प्रतिवादी होते टल्सा नगरपालिका, परगण्याचे आयुक्त मंडळ, शेरिफ, राज्याचा लष्करी विभाग, शहराचे विकास प्राधिकरण, नियोजन आयोग आणि त्यांच्या जोडीला चेंबर ऑफ कॉमर्स. या वेळी वकिलांनी मुदतीची भिंत टाळण्यासाठी वेगळा मार्ग शोधला. ओक्लाहोमाच्या कायद्यात "सार्वजनिक उपद्रव" अशी संज्ञा आहे, आणि कितीही काळ लोटला तरी तेवढ्याने सार्वजनिक उपद्रव कायदेशीर ठरत नाही असे कलम आहे. वादींचा युक्तिवाद असा की, १९२१ साली सुरू झालेला उपद्रव कधी निवारलाच गेला नाही. वस्तीचे दारिद्र्य, मोडलेली घरे, आरोग्याची दुरवस्था या रूपाने तो चालूच आहे. शिवाय ज्या संस्थांनी वस्ती उद्ध्वस्त केली त्याच आता हत्याकांडाच्या स्मृतीवर पर्यटन आणि नावलौकिक मिळवीत आहेत. हा अन्याय्य लाभ होय.

मे २०२२ मध्ये तीन वृद्धांचा दावा अंशतः पुढे चालू ठेवण्यास परवानगी मिळाली. आशा निर्माण झाली. पण ७ जुलै २०२३ रोजी त्याच न्यायाधीशांनी तो कायमचा, पुन्हा दाखल करता येणार नाही अशा रीतीने, फेटाळून लावला. त्यावरच हे अपील होते.

या अपिलात वादींनी किती डॉलर हवेत हे मागितलेच नव्हते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ते एवढेच म्हणत होते की, आमचा पुरावा ऐका. आरंभीच फेटाळलेल्या दाव्यात साक्षीदार उभे राहत नाहीत, नगरपालिकेची दप्तरे उघडावी लागत नाहीत, कोणा अधिकाऱ्याला शपथेवर उत्तर द्यावे लागत नाही. शासनाला भीती असते ती याचीच. निकालाच्या रकमेपेक्षा सुनावणीतील प्रश्न अधिक अडचणीचे असतात.

दुसरी बाजू

न्यायालयाची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. नाहीतर टीका म्हणजे नुसता उद्गार ठरेल. "सार्वजनिक उपद्रव" ही संज्ञा मुळात रस्ता अडविणे, पाणी दूषित करणे अशा गोष्टींसाठी आहे. ती वाटेल तेथवर ताणली तर न्यायालये धोरण ठरवू लागतील, अशी ओक्लाहोमाच्या न्यायमूर्तींची भूमिका होती. ती केवळ टल्साच्या वृद्धांसाठी घेतलेली नव्हती. राज्य सरकारने व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक औषधांबद्दल जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीविरुद्ध याच संज्ञेखाली मिळविलेला ४६ कोटी ५० लाख डॉलरचा निकाल याच न्यायालयाने २०२१ साली रद्द केला होता. फार जुन्या दाव्यांत साक्षीदार राहत नाहीत, कागद नाहीसे होतात, हेही खरे. मुदतीचा कायदा सरसकट अन्याय्य आहे असे कोणी म्हणणार नाही. गरीब कुळाविरुद्ध सावकाराने चाळीस वर्षांपूर्वीचा कागद बाहेर काढू नये, यासाठीही तो उपयोगी पडतो.

परंतु या युक्तिवादाचा आधारच टल्साच्या बाबतीत उरत नाही. साक्षीदार राहत नाहीत म्हणावे, तर शंभरी ओलांडलेले तीन साक्षीदार समोर बसले होते. कागद नाहीत म्हणावे, तर राज्याच्या स्वतःच्या आयोगाचा अहवाल होता. आणि उशीर झाला म्हणावे, तर तो उशीर ज्यांनी घडविला तेच प्रतिवादी होते. मुदतीचा कायदा झोपी गेलेल्या धनकोला जागे करण्यासाठी असतो, ज्याला बांधून ठेवले होते त्याला "तू चालला का नाहीस?" असे विचारण्यासाठी नव्हे.

हा विषय धोरणाचा आहे, विधिमंडळाने पाहावा, असेही न्यायालयाचे म्हणणे. विधिमंडळाने तर २००१ सालीच पाठ फिरविली होती. विधिमंडळ न्यायालयाकडे पाहते, न्यायालय विधिमंडळाकडे पाहते, आणि दोघांच्या मध्ये माणसे एकेक करून संपतात. आठ विरुद्ध एक अशा मताने अपील फेटाळले गेले. फेरसुनावणीची विनंतीही २०२४ सालीच नाकारण्यात आली.

काळाचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक विसंगती खटकल्याशिवाय राहत नाही. कायद्याच्या दृष्टीने काळ जातो तसा दावा क्षीण होत जातो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने काळ जातो तसे नुकसान वाढत जाते. ज्याचे भांडवल जळाले त्याचे केवळ घर जात नाही; त्या घरावर मिळणारे कर्ज, त्या कर्जावर उभा राहणारा धंदा, त्या धंद्यातून होणारे मुलांचे शिक्षण, हे सारे जाते. फ्लेचर यांनी २०२१ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले की, त्यांचे शिक्षण चौथीपुढे गेले नाही आणि आयुष्याचा बराच काळ गोऱ्यांच्या घरी घरकाम करण्यात गेला. चक्रवाढीचा खरा अर्थ तो हा.

हिशेब साधा आहे. अठरा लाख डॉलरची रक्कम शेकडा ४ दराने चक्रवाढीत ठेवली तर शंभर वर्षांत ती सुमारे पन्नास पट, म्हणजे नऊ कोटींच्या घरात जाते. यात प्राणांची किंमत नाही, बुडालेली मजुरी नाही, नंतर गेलेली जमीन नाही. नगरपालिकेने १९२१ साली हातात घेऊन परत केलेल्या अर्जांचीच ही बेरीज. त्या वेळी कोषागारातून न गेलेला पैसा शहराच्या पदरात राहिला आणि त्याचा लाभ पुढील प्रत्येक पिढीला मिळाला. "आजच्या करदात्याचा काय दोष?" या प्रश्नाला हेच उत्तर आहे. दोष कदाचित नसेल, पण लाभ आहे. नगरपालिका ही अखंड चालणारी संस्था आहे. तिचे जुने कर्जरोखे पुढील पिढीने फेडावे लागतात, तेव्हा कोणी पिढीचा प्रश्न काढीत नाही.

१ जून २०२५ रोजी टल्साचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मन्रो निकल्स यांनी १० कोटी ५० लाख डॉलरच्या खाजगी न्यासाची योजना जाहीर केली. घरे, वारसास्थळांचे जतन, जमीनखरेदी आणि शिष्यवृत्त्या यांसाठी हा पैसा खाजगी देणग्यांतून उभारावयाचा आहे. महापौरांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही; मागील शंभर वर्षांत एवढे पाऊल कोणी उचलले नव्हते. तथापि या योजनेत हयात पीडितांना थेट रक्कम देण्याची तरतूद नव्हती, आणि कोषागाराची जबाबदारी देणगीदारांच्या औदार्यावर सोपविली गेली. देणे फेडणे वेगळे आणि दान देणे वेगळे. देणे फेडताना ऋणको मान खाली घालतो. दान घेताना घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते.

हरलेल्या अपिलाचे मोल

मग ही न्यायालयीन धडपड व्यर्थ होती काय? इतिहास तसे सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडले. १९८३ साली त्यांच्यापैकी काहींनी सरकारवर दावा लावला. १९८४ साली तो फेटाळला गेला, १९८६ साली अपिलात अंशतः जिवंत झाला, पुन्हा वर-खाली फिरला आणि १९८८ साली अखेर बुडाला. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काँग्रेसने कायदा करून प्रत्येक हयात पीडिताला वीस हजार डॉलर आणि सरकारची जाहीर क्षमायाचना दिली. दावा एकीकडे, चौकशी आयोग दुसरीकडे आणि संघटनांचा रेटा तिसरीकडे, असा तिहेरी दाब पडला म्हणून हे घडले. फ्लोरिडातील रोझवुड ही कृष्णवर्णीयांची वस्ती १९२३ साली नष्ट करण्यात आली. तेथील हयात पीडितांना १९९४ साली भरपाई मिळाली ती विधिमंडळाच्या कायद्याने.

तात्पर्य हे की, न्यायालय एकटे असा अन्याय दूर करू शकत नाही, पण न्यायालयाचे दार ठोठावल्यावाचून विधिमंडळाला जाग येत नाही. टल्साच्या अपिलानंतर चार महिन्यांच्या आत केंद्रीय न्याय विभागाला फेरआढावा जाहीर करावा लागला. जानेवारी २०२५ मधील त्याच्या अहवालाने तो उत्स्फूर्त उद्रेक नव्हता, तर लष्करी पद्धतीचा संघटित हल्ला होता, हे सांगितले. खटला भरण्यासारखे कोणी उरले नाही, असेही सांगितले. विमा कंपन्यांना वाचविणारा "दंगल" हा शब्द सरकारी कागदावरून पुसला गेला. त्याला १०४ वर्षे लागली.

कार्यकर्त्यांसाठी यात घेण्यासारखे पुष्कळ आहे. वस्ती हटविली जाते, गोळीबार होतो, धरणाखाली गाव जाते, तेव्हा मोर्चा निघतो आणि निघालाच पाहिजे. परंतु त्याच आठवड्यात घराघराची यादी, नुकसानीचा तपशील, साक्षीदारांचे जबाब आणि मुदतीत दिलेला अर्ज यांचेही काम झाले पाहिजे. ग्रीनवुडच्या लोकांनी १९२१ साली दिलेले अर्ज फेटाळले गेले, पण ते दिले गेले होते म्हणूनच शंभर वर्षांनी कोणाला हिशेब मांडता आला. फ्रँकलिन यांनी तंबूत बसून केलेले काम मोर्चाइतकेच लढ्याचे काम होते.

व्हायोला फ्लेचर नोव्हेंबर २०२५ मध्ये, वयाच्या १११ व्या वर्षी निधन पावल्या. तीन वादींपैकी मागे राहिल्या त्या एकट्या रँडल. वादी संपले की वाद संपेल असा शासनाचा हिशेब असतो. तो चुकीचा ठरविणे वृद्धांच्या हाती नसते. ते काम मागे राहणाऱ्या चळवळीचे आहे.